एकशे अठरा मेंढ्यांवरचे तेल

दिनांक १७ मार्च १९५५, गुरुवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. पालमपासून चार कोसांवरच्या बरडवाडीत, माळावर लावलेल्या जाळ्याच्या वाघरीत, एकशे त्रेचाळीस मेंढ्या होत्या. त्यांपैकी दोन मेलेल्या होत्या, सहा आडव्या पडून हवेत पाय झाडत होत्या आणि एकतीस उभ्या जागी थरथरत होत्या. उरलेल्या एकशे चार मेंढ्या वरकरणी धडधाकट दिसत होत्या. मोजणी मी दोनदा केली, कारण जे काही वाचवायचे होते ते मुख्यतः त्या एकशे चारांमध्ये होते.

मी त्या वर्षी हिवतापाच्या फवारणी पथकाचा निरीक्षक होतो. वय बावन्न. हैदराबादच्या तांत्रिक महाविद्यालयात रसायनाची पदविका घेतल्यानंतर बावीस वर्षे मी साबणाच्या आणि रंगाच्या कारखान्यांत काढली होती. कळप माझा नव्हता आणि मेंढ्यांच्या रोगांचे मला ज्ञान नव्हते. तरीही पथकाच्या मुक्कामावरून मला तिथे धावत नेण्यात आले होते आणि त्याचे कारण सांगताना मला स्वतःला सोडून चालणार नाही.

झाले होते ते असे. चार दिवसांपूर्वी, भिंती फवारण्याआधी, मी बरडवाडीच्या चावडीसमोर लोकांना डी.डी.टी.ची माहिती दिली होती. नमुन्याच्या बाटलीतील शुद्ध खडे मी चिमूटभर पाण्यात टाकून दाखवले. ते तसेच राहिले. तेवढेच खडे कोमट गोडेतेलात टाकले. ते दिसेनासे झाले. मी म्हणालो, हे औषध पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. उन्हाने लवकर उडत नाही, भिंतीवर बसले की काही महिने डास मारते. लोकांनी माना डोलावल्या. पथकासाठी जी पूड येते तिच्यात निम्मे औषध आणि निम्मी बारीक माती असते आणि पाण्यात ती नुसती तरंगत ठेवावी लागते, म्हणून बादली सतत ढवळावी लागते, हेही मी सांगितले. ढवळण्याच्या कामावर बरडवाडीचाच येडबा हा तिशीतला धनगर रोजाने लावला. पूड बुडाशी बसली की मी त्याला ओरडत असे. दिवसातून पाच-सात वेळा तरी ओरडलो असेन.

दुसऱ्या दिवशी एक पोते फाटले. सांडलेली पाचेक शेर पूड खड्ड्यात पुरून टाक, असे मी येडबाला सांगितले आणि पुढच्या घराकडे गेलो.

त्याने ती पुरली नाही. त्या आठवड्यात त्याच्या आईच्या, कासाबाईच्या, कळपाची कातरण झाली होती. कातरल्यावर मेंढीच्या उघड्या अंगाला करंजाचे तेल चोळायचे, म्हणजे कातरीचे ओरखडे भरतात आणि गोचीड धरत नाही, हा तिथला जुना रिवाज. येडबाने तेल कोमट केले, त्यात पाच शेर पूड घातली, ढवळली, फडक्यातून गाळली, खाली राहिलेली माती फेकून दिली आणि ते तेल आईच्या हाती दिले. बुधवारी चार वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत कासाबाईने एकशे अठरा मेंढ्यांना ते दोन्ही हातांनी चोळले. पंचवीस कोकरांची कातरण झालेली नव्हती, म्हणून तेवढी सुटली.

गुरुवारी उजाडताच येडबा मुक्कामावर आला. त्याने काही लपवले नाही.

"सायब, तुमीच म्हणलाव ना, पाण्यात इरघळत न्हाई, तेलात इरघळतंय," तो म्हणाला. "पाण्यात बसतंय म्हणून तुमी मला चार दिस शिव्या घालायलाव. मंग म्या म्हणलं, तेलातच घालावं. झकास मिसळलं की."

त्याच्या तर्कात चूक नव्हती. चूक माझ्या धड्यात होती. ही पूड कोरडी असताना कातडीतून फारशी आत जात नाही. तेलात विरघळली की तेलाबरोबर कातडी ओलांडते, रक्तात जाते आणि मज्जातंतूंवर बसते. हे वाक्य मला ठाऊक होते आणि चावडीसमोर ते मी उच्चारले नव्हते.

वाघरीपाशी पोहोचलो तेव्हा कासाबाई एका आडव्या मेंढीचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. पन्नाशीची, उंच, कोरड्या आवाजाची बाई. नवरा वारल्यावर अकरा वर्षांत चाळीस मेंढ्यांपासून तिने हा कळप वाढवला होता. जमीन नाही, दुसरे काही नाही. जे होते ते सगळे त्या जाळ्यात उभे होते.

"सायब, खरं सांगा," ती म्हणाली. "समदीच जात्याल का?"

"अंगावर अजून तेल आहे," मी म्हणालो. "जेवढे अंगावर आहे तेवढे आत गेलेले नाही. ते दुपारपर्यंत उतरवले तर बहुतेक वाचतील."

"आन् न्हाई उतरलं तर?"

"तर उद्या मोजायला फारशा राहणार नाहीत."

तिने मान हलवली. खोटा धीर दिला नाही, एवढे तिला बरे वाटले असावे.

त्याच वेळी सटवाजी आला. हा वाडीतला सर्वांत जाणता धनगर, सत्तरी ओलांडलेला, कोणत्या मेंढीला काय झाले ते तिच्या खोकल्यावरून सांगणारा. त्याच्या हातात दोन शेर तुपाचे गाडगे होते, काखेत पाजायची बांबूची नळी होती आणि मागून त्याचा पुतण्या भुजंग एरंडेलाची बाटली घेऊन येत होता. विषावर तूप पाजायचे आणि एरंडेल देऊन पोट साफ करायचे, हा सगळ्या मुलखाचा उपचार होता. त्याने आडव्या मेंढीचा जबडा धरला आणि नळी आत घालणार तोच मी त्याचा हात धरला.

 त्या हाताला वाडीत कोणी कधी धरले नसावे.

"सटवाजीबाबा, तूप नको. एरंडेलही नको."

"का बरं?" तो शांतपणे म्हणाला. "सायबाच्या घरात इख उतरवायला काय देतेत? चहा?"

लोक हसले. भुजंगने भर घातली, "सायबाच्या आवशिदानं मेंढरं पडली, आता बाबाच्या आवशिदानं उठली तर सायबाचं नाक जातंय."

"नाक गेलेच आहे," मी म्हणालो. "मला तीन मिनिटे द्या. पटले नाही तर गाडगे तुमचे आणि मेंढीही तुमची."

पिशवीतली नमुन्याची बाटली मी काढली. कोकिळेने, म्हणजे येडबाच्या बायकोने, दोन वाट्या आणून दिल्या. एकीत पाणी, दुसरीत सटवाजीचे तूप चुलीवर पातळ करून. दोन्हींत चिमूट चिमूट खडे टाकले. पाण्यातले खडे तसेच राहिले. तुपातले काडीने ढवळले आणि हळूहळू दिसेनासे झाले. सटवाजीने वाटी उन्हाकडे तिरपी केली, बोटाने तळ चाचपायला निघाला. मी बोट अडवले.

"अंग चाटून पोटात जे गेले असेल त्याला आणखी तेल-तूप मिळाले नाही, तर बरेचसे लेंडीवाटे निघून जाईल," मी म्हणालो. "तूप पाजले तर तूप त्याला सोबत घेऊन रक्तात नेऊन सोडते. एरंडेल हेही तेलच. साप, कण्हेर, त्यांच्या विषाचे मला माहीत नाही. या विषावर तूप चालत नाही."

सटवाजीने वाटी खाली ठेवली.

"म्हंजे तूप त्येचा दलाल झालं," तो म्हणाला. "मोंढ्यात दलालाबिगर माल हालत न्हाई तसं."

"अगदी तसे."

त्याने गाडगे भुजंगच्या हातात दिले. "घरी नेऊन ठिव. चाटू नको वाटंनं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्येल उतरवायचं म्हणता. कशानं उतरवताव? तुमी शिकल्यालं, सांगा."

"साबणाने."

"शंभरावर मेंढरांना साबण? पालमच्या बाजारात तेवढा साबण न्हाई. आन् हाय तेवढा घासला तर वरखड्यातून आग व्हईल, मेंढरू उधळंल." तो प्रथमच थोडा हसला. "लोकरीचा मेणचटपणा आमी कसा काढताव ठाऊक हाय का? आधी खारी माती कोरडी लावायची. ती त्येल पिती. मंग झटकायची. मंग रिठ्याचं पाणी. घोंगडं धुवायला घरोघर रिठे हायेत."

बावीस वर्षे साबण करूनही मला हे सुचले नव्हते. माती आधी तेल शोषून घेणार, म्हणजे धुताना ते अंगभर पसरणार नाही. आणि रिठा तेल पाण्यात सोडवून नेणार. रसायनाच्या दृष्टीने याहून चांगला क्रम मी लावू शकलो नसतो. तसे मी त्याला बोलून दाखवले.

"मंग आता उभं कामून राहिलाव?" सटवाजी म्हणाला.

येडबा कळप ओढ्याकडे हाकायला निघाला. मेंढ्या धुवायच्या म्हणजे ओढ्यातच, ही त्याची सवय. मी त्याला थांबवले. ओढ्याचे पाणी खालच्या दोन गावांत पिण्याला जात होते आणि हे औषध माशांना मेंढ्यांपेक्षा फार लवकर मारते. पाणी वर आणायचे, अंगावरचे पाणी मात्र ओढ्यात जाऊ द्यायचे नाही, असे ठरले. माळाच्या कडेला किशनरावांची मोटेची विहीर होती. किशनराव कुरकुरले.

"माझ्या थारोळ्यात इख कालवताव व्हय?"

"विहिरीपासून साठ पावलांवर, उताराला, पडीक जागेत धुवायचे," मी म्हणालो. "तिथे खड्डा काढतो, सगळे पाणी त्यात. मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्यावर घागरी भरायच्या. धुणाऱ्याने थारोळ्याजवळ यायचे नाही."

किशनरावांनी जागा स्वतः पावलांनी मोजली. साठ भरल्यावर आणखी दहा चालले, तिथे काठी रोवली आणि मोटेला बैल जुंपले.

मग मी हिशोब केला. एका मेंढीला माती, झटकणे, दोनदा रिठ्याचे पाणी आणि एकदा साधे, मिळून बारा मिनिटे. एकशे सोळा मेंढ्या एकाच जागी धुतल्या असत्या तर तेवीस तास लागले असते. चार जागा केल्या तर सहा तासांच्या आत. म्हणून चार जागा, प्रत्येकीवर तीन माणसे. त्यांत माझ्या पथकाचे पाच जण होते, सात वाडीतले. फवारणीसाठी आणलेले रबरी हातमोजे धुणाऱ्यांनी घातले, नाका-तोंडाला फडकी बांधली. मोज्यांच्या जोड्या आठच होत्या. मोजे नसलेल्यांनी मेंढी धरायची, चोळायची नाही. एकाला सायकलवरून पालमला पाठवले. गुरांच्या दवाखान्यातून झटके थांबवणारे गुंगीचे औषध आणि जुलाबाचे मीठ आणायला. एरंडेलाऐवजी मीठ, कारण मीठ तेल नव्हे.

या गडबडीत कासाबाईच्या हातांकडे माझे लक्ष गेले. ती काठी उचलायला वाकली आणि काठी तिच्या बोटांतून दोनदा निसटली. कोकिळा घरातून लोण्याचा गोळा घेऊन आली.

"आत्याबाईंच्या हाताला मुंग्या यायल्यात," ती म्हणाली. "रातीपासून. लोणी लावते."

"लोणी ठेवा," मी म्हणालो. "कासाबाई, ओठ बधिर झालेत का?"

"झाल्यात थोडे," ती म्हणाली, जणू ओठ शेजारणीचे होते. "आधी मेंढरं बघा. माझं मागून."

"आधी तुमचे हात."

"सायब, मी काय मेंढरू हाय का माती लावून धुवायला?"

"आवं कासाबाई, बसा की खाली," सटवाजी म्हणाला. "मेंढरापरीस तुमालाच जास्त त्येल लागलंय. एकशे अठरांचं."

ती बसली. कोपरापर्यंत खारी माती थापली, ती काढली, रिठ्याने तीनदा धुतले, तेल लागलेले लुगडे बदलायला लावून खड्ड्यात टाकले. बोटांचा कंप थांबला नव्हता, पण वाढलाही नाही. चोळायचे काम तिला द्यायचे नाही, हे नक्की होते. काही न करता ती बसणार नाही, हेही तितकेच नक्की होते.

काम सुरू झाले आणि लगेच अडचण उभी राहिली. या विषाने मज्जातंतू इतके ताणलेले असतात की आवाज, धक्का, पाण्याचा सपकारा, कशानेही कंपाचा झटका होतो. पहिल्याच मेंढीवर पाणी ओतताच ती कोसळली. दुसरी धरणाऱ्याच्या हातातून सुटून जाळ्यात अडकली. कुत्री भुंकत होती, मोटेचे चाक करकरत होते, माणसे एकमेकांना हाका मारत होती. असे चालले तर विषाआधी घबराटीनेच कळप जाणार होता.

"कुत्री दूर न्या," मी सांगितले. "चाकाला तेल द्या. कोणी ओरडू नका."

तरी तिसरी मेंढी स्थिर राहीना. तेव्हा कासाबाई उठली, चारही जागांच्या मधोमध जाऊन बसली आणि तिने हाक दिली. ती हाक लिहून दाखवता येणार नाही. जिभेच्या टोकावरून निघालेला बारीक, लांब, सारखा आवाज, रोज सांजेला कळप गोळा करताना ती देत असे तो. मेंढीचे कान वळले. पाय थरथरतच होते, पण ती जागची हलली नाही. भुजंगने हळूच पाणी ओतले. ती उभी राहिली.

पावणेनऊ वाजता पहिली मेंढी स्वच्छ होऊन सावलीत गेली. त्यानंतर सहा तास कासाबाईची ती हाक थांबली नाही. घसा कोरडा पडला की कोकिळा पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावी, कारण तिच्या हातांना तांब्या धरवत नव्हता. साडेदहाला वाडीतल्या बायका रिठे फोडून, उकळून, थंड करून आणू लागल्या. गरम पाणी नको, गरमीने कातडी मोकळी होते, एवढे एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगावे लागले नाही. खारी माती संपत आली तेव्हा परटाच्या घरून मनकर्णाबाई दोन टोपल्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कपडे आठ दिस मळके घाला. कुणी मरत न्हाई."

अकरा वाजता पालमहून गुरांच्या दवाखान्याचा कंपाउंडर आला. आडव्या सहांना त्याने गुंगीचे औषध दिले आणि सावलीत, मऊ गवतावर, एकमेकींपासून दूर ठेवले. त्यांतल्या दोन दुपारी गेल्या. एकीला सटवाजी आणि मी दोघे मिळून धरून होतो.

"ही आधीच गेल्याली व्हती," तो म्हणाला. "तुमी मनाला लावून घेऊ नका. दुसरीकडं चला."

आम्ही दुसरीकडे गेलो. एक वाजता थरथरणाऱ्या एकतीसपैकी नऊ चरायला तोंड खाली घालू लागल्या. दोन वाजता ती संख्या सतरा झाली. ज्या चांगल्या होत्या त्यांतली एकही नव्याने थरथरली नाही आणि हा आकडा मला सर्वांत मोठा वाटला, कारण उतरवलेले तेल आत गेले नव्हते याचा तोच पुरावा होता.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची मेंढी धुतली गेली. ती एका डोळ्याची म्हातारी मेंढी होती, कळपाची पुढारीण. अंग झटकून तिने सटवाजीच्या धोतरावर पाणी उडवले आणि सावलीत न जाता थेट कासाबाईपुढे जाऊन उभी राहिली. कासाबाईने हाक थांबवली. सकाळपासून पहिल्यांदा माळावर कसलाच आवाज नव्हता. मग कोणीतरी हसले, मग सगळेच हसू लागले. किशनरावांनी बैल सोडले आणि धुणारी बारा माणसे, मळलेली, भिजलेली, जिथे होती तिथेच खाली बसली. माझ्या नोकरीत मी पुष्कळ पूर्ण झालेली कामे पाहिली आहेत. त्या माणसांच्या तोंडावर जे होते ते मी दुसऱ्या कुठल्या कामानंतर पाहिले नाही.

"सायब," कासाबाई बसलेल्या घशाने म्हणाली, "आता तरी बसा की. सकाळधरनं उभं हायेत."

खड्ड्यात सगळे पाणी, वापरलेली माती, फडकी आणि ते लुगडे गेले. वरून चुना आणि तीन हात माती टाकून आम्ही तो बुजवला. मेलेल्या मेंढ्या वेगळ्या पुरल्या. मांस कोणी खाऊ नये, हे मी सांगण्यापूर्वीच सटवाजीने वाडीत फिरवले होते, आणि माझ्यापेक्षा कडक शब्दांत.

एक गोष्ट उरली होती. हे विष चरबीत साठते आणि दुधाच्या साईतून बाहेर पडते. कोकरांनी आयांचे दूध प्यायले तर न चोळलेली पंचवीसही त्यात ओढली जाणार होती. मी हे सांगितले तेव्हा कोकिळेने कोकरांकडे पाहिले आणि विचारले, "मंग ही काय पितील?"  उत्तर वाडीने दिले. ज्यांच्या घरी शेळ्या होत्या त्या घरांनी पाळी लावली आणि दोन आठवडे कोकरे परक्या शेळ्यांखाली वाढली. मेंढ्यांचे दूध येडबा रोज पिळून काढी आणि वेगळ्या खड्ड्यात ओती. 

कासाबाईच्या ओठांना तिसऱ्या दिवशी चव कळू लागली. पाचव्या दिवशी तिने स्वतः काठी धरली. भिंती फवारण्याचे थांबलेले काम मी पुन्हा सुरू करावे की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका होती. या वाडीने दार लावून घेतले असते तर मला दोष देता आला नसता. आठव्या दिवशी कासाबाईने निरोप धाडला की पहिले घर तिचे घ्यावे. चावडीसमोर मी पुन्हा उभा राहिलो. पाणी दाखवले, तेल दाखवले, आणि मग सांगितले की तेलात विरघळलेले हे औषध माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाला लागले तर काय होते, आणि लागलेच तर तूप, लोणी, एरंडेल यांपैकी काहीही का द्यायचे नाही. मागच्या रांगेतून सटवाजी म्हणाला, "दलालाचं सांगा, दलालाचं. तसं ध्यानात ऱ्हातंय."

मी दलालाचे सांगितले. पुढे जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत जिथे जिथे गेलो तिथे हेच सांगितले. येडबा बादली ढवळत पथकाबरोबर होता. पूड बुडाशी बसली तर आता तोच दुसऱ्यांना ओरडत असे.

आडव्या सहांपैकी आणखी एक मेंढी दुसऱ्या दिवशी गेली, उरलेल्या तीन उठल्या. दिनांक ३१ मार्च १९५५ रोजी, पंधराव्या दिवशी सकाळी, वाघरीचे जाळे एका बाजूने उचलून कासाबाईने कळप एकेक करून माझ्यासमोरून बाहेर काढला. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे अडतीस मेंढ्या जिवंत.